पाहुणे चक्रवाक, यजमान नाशिक

चीनच्या सहलीचं पत्रक हल्ली नाशिकमध्येही घरोघरी येतं. चेंगडूमध्ये सकाळी पांडा पाहायचे, दुपारी रेशमावरची शु भरतकला पाहायची, एका दिवसात निसर्ग आणि परंपरा दोन्ही. सहल चांगलीच असणार. पण असाच भरगच्च दिवस आपल्या जिल्ह्यातच मिळतो, आणि तो अजून न पाहिलेले नाशिककर मला सतत भेटतात.

नांदूर मध्यमेश्वर नाशिकपासून 40-45 किलोमीटरवर, निफाड तालुक्यात आहे. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ ब्रिटिशांनी बंधारा बांधला. मागे गाळ साचत गेला, त्यातून उथळ पाणथळी, बेटं आणि लव्हाळ्याची रानं तयार झाली. धरण म्हणून ही उणीव, पण पाखरांचं त्यातच फावलं. 1986 मध्ये अभयारण्य घोषित झालं आणि 2020 च्या जानेवारीत महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, होण्याचा मान या पाणथळीला मिळाला.

निफाडच्या थंडीत भल्या पहाटे चापडगावच्या मनोऱ्यावर पोहोचावं. धुकं विरलं की आधी आवाज येतात, मग पाखरं दिसू लागतात. माझ्याबरोबरचा गाइड गावातलाच तरुण होता. दुर्बीण रोखून तो म्हणाला, “ताई, घाई करू नका. त्या थापट्याची चोच बघा.” चोच टोकाला उलथन्यासारखी पसरट. तो बदक ती पाण्यात टेकवून डावी-उजवीकडे फिरवत पुढे सरकत होता. चोचीच्या कडेला कंगव्यासारखे बारीक दात असतात. पाणी त्यातून गाळलं जातं आणि किडे, बिया तोंडात राहतात. पलीकडे शेपटीला लांब टोक असलेले तलवार बदक होते, आणि केशरी अंगाच्या चक्रवाकांची जोडी. हे चक्रवाक तिबेटच्या पठारावर आणि मध्य आशियात वीण करतात आणि हिवाळ्यात हिमालय ओलांडून आपल्याकडे येतात. चीनमध्ये शोधायला जावं अशी पाखरं आपल्या दारात उतरलेली असतात.

तिथून लासलगावच्या कांद्याच्या ट्रॅक्टरांमधून वाट काढत दुपारी पैठणीचे माग पाहायला येवला गाठायचं. सतराव्या शतकात रघोजी नाईकांनी हे गाव वसवलं आणि विणकरांना इथे आणलं, असं येवल्याचा इतिहास सांगतो. रेशमाची विद्या मुळात चीनची, पैठणीला नाव गोदाकाठच्या पैठणचं, आणि आज तिचे माग खडखडतात ते येवल्याच्या गल्ल्यांमध्ये.

एका घरात नवरा-बायको मागावर होते. पदरावर मोर उतरत होता. प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी. विणकर बोटांनी ताण्याचे धागे मोजून उचलायचा, हव्या त्या रंगाची कांडी तेवढ्याच धाग्यांखालून काढायचा, आणि दोन रंग भेटतात तिथे धागे एकमेकांत अडकवायचा. एक ओळ पुरी झाली की फणीचा ठोका. बराच वेळ उभी राहिले, तरी मोराची मान जेमतेम बोटभर वर सरकली होती. मग त्या बाई म्हणाल्या, “ताई, उलटी बाजू बघा.” मागूनही तोच मोर तितकाच स्वच्छ. यंत्रमागावरच्या नकली साडीत मागे धाग्यांचं जाळं लोंबतं. अस्सल-नकली ओळखायची ही साधी खूण आहे. भरजरी पदराच्या पैठणीला वर्षही लागतं, आणि ग्राहक मात्र यंत्रमागाच्या भावाशी तुलना करून घासाघीस करतो. अशाने विणकरांच्या मुलांनी मागावर का बसावं?

परदेशात आपण पाहुणे असतो. बघून, फोटो काढून परत येतो. इथे आपण यजमान आहोत. रामकुंडावरून जाणारी गोदावरीच पुढे नांदूर मध्यमेश्वरला पोहोचते. आपल्या शहराचं सांडपाणी तिच्याबरोबर जातं, त्यावर पाणवेल पोसते आणि फोफावून उघडं पाणी झाकून टाकते. उघडं, उथळ पाणी उरलं नाही तर थापट्याने चोच कुठे टेकवायची? हिमालय ओलांडून आलेल्या पाहुण्याला आपण हे पाणी देतो, याची मला मनापासून लाज वाटते.

सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आहे. रामकुंड चकचकीत झालं म्हणजे गोदावरी स्वच्छ झाली असं मानू नका. महापालिकेने आणि आपण सगळ्यांनी नदीची परीक्षा नांदूर मध्यमेश्वरला घ्यावी, आणि प्रक्रिया न केलेला एकही नाला तिच्यात सुटणार नाही हे पाहावं. या हिवाळ्यात मुलांना घेऊन तिथे जा, गावातलाच गाइड घ्या आणि त्याला ठरलेले पैसे आनंदाने द्या. येवल्यात पैठणी घ्यायची असेल तर मागावरची घ्या, उलटी बाजू बघून घ्या, आणि भाव पाडू नका.