परसबागेचा तास

महात्मा फुल्यांनी १८८२ साली शिक्षणविषयक हंटर आयोगाला जे निवेदन दिलं, त्यात गावच्या प्राथमिक शाळेत काय शिकवावं हेही त्यांनी सांगितलं होतं. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, व्याकरण, आरोग्य, नीतीचे चार धडे. आणि त्याच ओळीत शेतीचं प्राथमिक ज्ञान. फुल्यांनी शेतीला हस्तकलेच्या तासात ढकललं नाही, हिशेबाच्या पंगतीला बसवलं. हे मला फार मोलाचं वाटतं, कारण आज आपण नेमकं उलटं करतो आहोत.

आज अनेक शाळांत परसबाग आहे. तिथली मेथी, पालक, शेवगा पोषण आहाराच्या खिचडीत पडतो, ही चांगलीच गोष्ट आहे. पण बऱ्याच ठिकाणी बाग एका हौशी गुरुजींच्या जिवावर चालते. त्यांची बदली झाली की वाफ्यात गाजरगवत माजतं. मुलांच्या वाट्याला येतं ते पाणी घालणं आणि पर्यावरणदिनाचा तक्ता. 'सेंद्रिय शेती करा, धरती वाचवा' असं तक्त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं. युरियाच्या गोणीत नेमकं काय असतं, हे विचारलं तर तक्ता रंगवणारी मुलं गप्प होतात. त्यात मुलांचा काय दोष?

त्याऐवजी मुलांसमोर फुलोऱ्यावर आलेलं चवळीचं एक रोप मुळासकट अलगद उपटा. माती झटकू नका, बादलीत बुचकळून धुवा. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी दिसतील. त्यातली एक गाठ नखाने चिरली आणि आत गुलाबी-लालसर रंग दिसला, तर समजायचं की कारखाना चालू आहे. त्या गाठीतले जिवाणू हवेतलं नत्र धरून झाडाला देत असतात. गाठ पांढरी किंवा हिरवट निघाली तर काम सुरू झालेलं नाही किंवा थांबलेलं आहे. हे पाहताना मुलांच्या माना एकावर एक वाकतात. ज्वारीत तूर आणि बाजरीत मूग-मटकी घेण्यामागचं शहाणपण मग वेगळं समजावून सांगावं लागत नाही. तिथेच फळ्यावर गणित मांडता येतं. युरियात नत्र ४६ टक्के, गोणी ४५ किलोची, मग नत्र किती? वीस किलो सातशे ग्रॅम. गोणी शेतकऱ्याला २६६ रुपये ५० पैशांना मिळते, बाकीचा खर्च सरकार उचलतं. सरकार म्हणजे कोण, हा प्रश्न एखादी मुलगी विचारतेच. तिला उत्तर द्यायला नागरिकशास्त्राच्या सरांना बोलवावं.

माझं म्हणणं आहे की शेती शाळेत प्रश्न म्हणून आली पाहिजे. नैसर्गिक शेतीचे पुरस्कर्ते सुभाष पाळेकर यांच्यामुळे घरोघरी पोचलेलं जीवामृत घ्या. दोनशे लिटर पाणी, दहा किलो शेण, पाच ते दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. वीस लिटरच्या बादलीत ते करायचं तर प्रत्येक जिन्नस किती घ्यायचा, हे सहावीचं गुणोत्तर झालं. पण तेवढ्यावर थांबू नये. मेथीचे चार सारखे वाफे करावेत. एकाला जीवामृत, एकाला शेणखत, एकाला मोजून युरिया, चौथ्याला काहीच नाही. पाणी चारही वाफ्यांना सारखं, बादल्या मोजून. कापणीला जुड्या तराजूवर टाकायच्या आणि जे येईल ते वहीत लिहायचं. पहिल्या हंगामात युरियाचा वाफा भारी ठरला, तर तसंच लिहायचं. बाईंना आवडो न आवडो. मग पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी त्याच वाफ्यांत माती किती भुसभुशीत आहे, गांडुळं किती सापडतात, पाणी दिल्यावर ओल किती दिवस टिकते, हे पाहायचं. शाश्वत शेती म्हणजे काय ते तिसऱ्या वर्षाच्या वहीत दिसतं, पहिल्या वर्षाच्या तक्त्यावर नाही.

गावातले पालक यावर चिडतात, आणि त्यांचं चिडणं खरं आहे. 'आमचा जन्म ढेकळं फोडण्यात गेला, पोरगं सुटावं म्हणून शाळेत घातलं, तर तुम्ही तिथेही खुरपंच देता?' १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी नयी तालीम, म्हणजे हाताच्या कामातून शिक्षण, ही कल्पना मांडली, तेव्हापासून ही शंका तिच्या मागे लागली आहे. सेवाग्रामात आनंद निकेतन शाळा २००५ पासून तो विचार पुन्हा जगते आहे. मुलं भाजी पिकवतात, स्वयंपाक करतात आणि त्यातूनच विज्ञान-गणित शिकतात. पाबळच्या विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ पासून हाताने काम करत शिकण्याची वाट घालून दिली. दोन्हीकडे हाताला काम आहे आणि डोक्यालाही. नुसतं खुरपं देणं ही वेठबिगारी झाली. खुरप्याबरोबर तराजू, वही आणि 'का?' विचारण्याची मुभा दिली, तर ते शिक्षण.

आणि हे फक्त शेतकऱ्याच्या मुलांनीच का शिकावं? शहरातल्या, इंग्रजी माध्यमाच्या मुलांना त्याची गरज जास्त आहे, कारण उद्या ताट भरणाऱ्याला काय मिळावं हे ठरवणाऱ्या खुर्च्यांवर बहुधा तीच बसतील. त्यांच्याकडे वाफ्याला जागा नसेल, पण बाजार आहे. २०२३ च्या मे महिन्यात भाव पडले म्हणून शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले. त्याच वर्षी जुलैत शहरात टोमॅटो किलोला शंभराच्या वर गेला. टोमॅटोचं रोप लावल्यापासून पहिला तोडा यायला साधारण दोन महिने लागतात. मे महिन्यात हात पोळलेल्या शेतकऱ्याने पुढची लागवड केली असेल का, हा प्रश्न आठवीच्या मुलांपुढे ठेवावा आणि त्यांना आलेख काढू द्यावा. त्यात उन्हाचा आणि रोगाचाही हात होता, तोही मांडावा. वीस किलोच्या एका क्रेटचा शेतापासून भाजीवालीपर्यंतचा प्रवास त्यांनी विचारत विचारत शोधावा. तोडणीची मजुरी, गाडीभाडं, हमाली, सडून गेलेला माल, टप्प्याटप्प्यावरचा नफा. घरी महागाईवर बोलणाऱ्या बाबांना मग ही मुलं चार आकडे सांगतील.

यासाठी वेगळं पुस्तक नको, नवा विषय नको. वेळापत्रकात आठवड्याला दोन जोडतास हवेत. विज्ञान, गणित, भूगोल शिकवणाऱ्यांनी ते वाटून घ्यावेत, म्हणजे एका माणसाच्या बदलीने बाग मरणार नाही. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुटीत पाणी कोण घालणार, हे शाळा व्यवस्थापन समितीने आधीच ठरवावं. अनेक बागा पैशांअभावी नाही, या एका गोष्टीपायी वाळतात. आपलं शालेय वर्ष नाहीतरी जूनमध्ये, पावसाबरोबरच सुरू होतं. पहिल्या आठवड्यात चवळी टोकली तर ऑगस्टमध्ये गाठी चिरून बघता येतील.