फास आपला, नाव पारध्यांचं

आमच्याकडे बांधावर सशाला फास लावतो तो बागायतदाराचा पोरगा. बाईकची जुनी क्लच वायर, सरकगाठ, कुंपणातल्या सशाच्या वाटेवर वीतभर उंचीला टांगायची. झालं. रात्री ससा येईल, मुंगूस येईल, नाहीतर शेजाऱ्याचं कुत्रं. तार विचारत नाही. जितकी धडपड, तितकी ती आवळते. म्हणे पीक वाचवायला! मग मटणाचे वाटे कसले घालता? १९७२च्या वन्यजीव कायद्यानं हा गुन्हा आहे, ते तेव्हा कुणाला आठवत नाही. बिबट्या अडकला की मात्र सगळ्यांची बोटं फासेपारध्यांच्या पालाकडे. इंग्रजांनी १८७१च्या कायद्यानं जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या; तो शिक्का १९५२ साली कागदावरून गेला, गावाच्या तोंडातून नाही. पालावर जाण्याआधी ती वायर कुणाच्या गाडीची, तेवढं बघा.