सुईची खूण लपवायची, पण कुणापासून?

मागच्या बॅचमध्ये फर्दापूर रस्त्यावर तंदूरचा स्टॉल टाकू पाहणाऱ्या एका मुलाने मोबाईल पुढे केला. अमेरिकेतला कुणीतरी मांसाच्या मोठ्या तुकड्यात सुईने मसाल्याचं पाणी भरत होता. मुलाचा प्रश्न एवढाच होता: "सर, अशी सुई मारायची पण खूण दिसू द्यायची नाही, हे कसं जमवायचं?"

उत्तर देतो, पण आधी त्या व्हिडिओत काय चाललंय ते समजून घ्या. तो तुकडा ब्रिस्केटचा, म्हणजे गोवंशाच्या छातीचा. आपल्याकडे गोहत्याबंदी आधीपासूनच होती, २०१५ च्या दुरुस्तीनंतर बैल-वळूही तिच्यात आले, म्हणून ते मांस आपल्या धंद्याचा विषयच नाही. शिकण्यासारखं आहे ते त्यामागचं कारण. अख्खं ब्रिस्केट पाच-सहा किलोचं, जाड आणि चिवट असतं, दहा-बारा तास मंद धुरावर राहतं. वरून लावलेलं मीठ इतक्या आत पोचायला फार वेळ लागतो, आणि तेवढ्या तासांत पाणी उडून मांस कोरडं पडायची भीती असते. म्हणून सुई.

आता आपली कोंबडी बघा. सव्वा किलोची, चार तुकडे केलेली, तापलेल्या तंदूरमध्ये वीस-पंचवीस मिनिटांत तयार. तिला सुई कशाला? हाडापर्यंत दोन-तीन चिरा दिल्या की मीठ आत जातं. हळद, तिखट, गरम मसाला, दही हे कितीही तास ठेवलं तरी वरच्या थरातच राहतात, फार आत शिरतच नाहीत. "चोवीस तास मॅरिनेट" हे बोर्डावर छान दिसतं, काम मीठच करतं. आणि त्या चिरा दिसतात म्हणूनच तंदुरी विकली जाते! काठ करपलेली, मसाल्याने भरलेली चीर ही तुमची फुकटची जाहिरात आहे. ती लपवायला निघालात तर स्वतःच्याच पायावर धोंडा.

सुईचा खरा उपयोग आहे तो रानमध्ये, म्हणजे बोकडाच्या अख्ख्या मांडीत. दीड किलोची रान, आजच्या भावाने हजाराच्या वरचा माल. ती आतून अळणी निघाली तर टेबलावरचे सहा जण पुन्हा येत नाहीत.

माझी पहिली रान अशीच फसली, पण वेगळ्या कारणाने. आमच्या मसाल्याच्या दुकानामागे वर्गाला दाखवायला केली होती. हळद, लाल तिखट, लसूण सगळं वाटून पाण्यात कालवलं आणि सुईने भरलं. अर्ध्यात सुई तुंबली. जोर लावला तर पिचकारी उडून समोरच्याच्या शर्टावर. भाजून कापली तर आत पिवळ्या-लाल रेघा, मोजून घ्या. वर्गातल्या एक काकू म्हणाल्या, "अगं बाई, याला इंजेक्शन दिलंय का?" त्यानंतर कुणी हात लावेना.

तेव्हा कळलं की सुईचं भोक भाजताना आकसतं, ते फारसं दिसत नाही. खूण उरते ती आत साचलेल्या रंगाची. म्हणून आत जे जाईल त्याला रंग नको. दीड किलो रानला साधारण १२० मिली पाणी किंवा हाडांचा पातळ रस घ्या, त्यात ९ ग्रॅम मीठ विरघळवा, बारीक कापडातून दोनदा गाळा, फ्रिजमध्ये गार करा. आणखी ९ ग्रॅम मीठ वरच्या मसाल्यात. हळद-तिखटाची जागा वरच. सुई मांसाच्या धाग्यांच्या दिशेने, आतल्या बाजूने किंवा कापलेल्या तोंडाकडून घाला. एका भोकातून तीन-चार दिशांना फिरवा, आणि दांडा हळूहळू दाबत सुई मागे ओढा. एका जागी सगळं ओतलंत तर तिथे डबकं होतं आणि कापल्यावर तेच दिसतं. वर प्लास्टिकची फिल्म टाकून टोचलं तर पिचकारी उडत नाही. मग पाच-सहा तास फ्रिजमध्ये राहू द्या, मीठ पसरतं. घाई केलीत तर सगळं पाणी निखाऱ्यावर गळणार.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो ते. अख्ख्या मांसात जंतू असतात ते मुख्यतः वरच्या पृष्ठभागावर, आणि विस्तव त्यांना मारतो. सुई मारली की तेच जंतू तुम्ही स्वतः आत नेऊन ठेवता. म्हणून सुई खाण्याच्या कामासाठीची स्टीलचीच घ्या, मेडिकलमधली नाही. कामानंतर खोलून धुवा, उकळा, कोरडी करा. उरलेलं पाणी फेकून द्या, उद्यासाठी ठेवू नका. माल ५ अंशांच्या आत ठेवा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही, तेव्हा बर्फाची पेटी हवीच. आतलं तापमान थर्मामीटरने बघा: ७४ अंश झाल्याशिवाय टोचलेला माल गिऱ्हाईकापुढे ठेवू नका. रान मऊ करायची तर त्याच्या बरंच पुढे जावं लागतंच.

आणि खूण लपवण्याबद्दल. ताटात रेघ दिसू नये ही सफाई झाली, ती शिकाच. पण कच्चं मांस तोलून विकताना ९०० ग्रॅममध्ये १०० मिली पाणी भरून किलो म्हणून देणं ही फसवणूक आहे. किलोला ८०० रुपये भाव धरला तर तुम्ही ८० रुपयांचं पाणी विकलंत. "सगळेच करतात" हे मला वर्गात दर वेळी ऐकवलं जातं. करत असतील. आपल्या गावात एका माणसाने तुमच्या मागच्या दारातून सुई पाहिली की संध्याकाळपर्यंत अख्ख्या बाजाराला "इंजेक्शनवालं मटण" माहीत होतं. कलिंगडाच्या, दुधाच्या इंजेक्शनच्या गोष्टी लोकांच्या डोक्यात आधीच बसल्यात. मग तुम्ही मिठाचंच पाणी भरलं होतं हे कुणाकुणाला समजावत बसणार?

मी त्या मुलाला म्हटलं, सुई मागे नको, काउंटरवर सगळ्यांसमोर मार. पाटी लाव: "आत फक्त मीठ आणि हाडांचा रस." विचारलं तर दाखव, चाखायला दे. तो म्हणाला, लोक घाबरतील. काही घाबरतीलही, ते चिरा दिलेली तंदुरी घेतील. तीही तुझ्याकडेच आहे ना?

खरं तर नव्या माणसाने सुईशिवायच सुरुवात करावी असं माझं मत आहे. संभाजीनगरच्या नान-खलियाचं मटण देगेत मंद शिजून मऊ होतं, त्याला कुणी टोचत नाही. पहिले तीन महिने चिरा, मीठ आणि विस्तव एवढंच सांभाळा. लेणी सोमवारी बंद असतात, त्या दिवशी पर्यटक कमी. एक रान आणा, घरच्यांवर प्रयोग करा, मधोमध कापून फोटो काढा. रेघ दिसली तर पाणी आणखी गाळायचं.