एकेरी जमाखर्च

वाणिज्यशाखेचे जुने वर्गमित्र पंधरावीस वर्षांनी एकमेकांस आपली हकीकत कळवू लागले म्हणजे काय लिहितात, हे सोलापुरात घरोघरी ठाऊक आहे. वाढलेला हुद्दा, पुण्यास घेतलेले घर, मुलीचे गुण, मुलाचे परदेशगमन! या आनंदाशी आमचा तंटा नाही. तंटा आहे तो हिशेबाच्या रीतीशी. दुहेरी नोंदपद्धती शिकण्यात ज्यांनी तीन वर्षे घालविली, त्यांनीच आयुष्याची वही एकेरी, नुसत्या जमेची ठेवावी, हा विनोद नव्हे काय?

कोणी म्हणेल, घरची दुःखे चव्हाट्यावर कशास मांडावी? परंतु परिणाम पाहा. ज्याचे टॉवेलांचे माग विकले गेले, जो अंथरुणास खिळलेल्या वडिलांपायी गावीच राहिला, तो ही पत्रे वाचून मुका होतो. आणि वर्गाच्या लेखी तो उरतच नाही.

याच नगरीत १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी महाविद्यालयीन शिक्षण अर्ध्यावर सोडून रेल्वेची कंत्राटे घेतली. त्यांच्या सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ बोट १९१९ साली विलायतेस निघाली. पुढे इंग्रज कंपन्यांनी भाडी पाडली आणि सिंदियाला मोठा तोटा सोसावा लागला. तो तोटा गाळून लिहिलेल्या चरित्रास चरित्र कोण म्हणेल?

म्हणून आमचे मागणे एवढेच : पुढील पत्रात एक ओळ नावे बाजूचीही लिहा. मुक्या झालेल्या मित्राचे उत्तर आले, तर ते त्या ओळीलाच येईल.