देशभक्तीचे गाणे कोणते?

यंदाच्या देशभक्तीपर समूहगीत स्पर्धेसाठी आमच्या वर्गाने दुष्काळावरचा पोवाडा बसवला होता. 'चाल चांगली आहे, पण विषयात बसत नाही', असे सांगून निवडीच्या वेळीच तो वगळला गेला. परीक्षकांविषयी मला आदर आहे. पण हा निकष पटत नाही. देशभक्तीच्या गाण्यात हिमालय, गंगा आणि तिरंगाच असावा काय? कोरडी विहीर या देशातली नव्हे काय?

१९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि शाहीर गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. कामगार आणि शेतकरी यांचे जिणे त्यांनी डफावर मांडले. अण्णा भाऊंची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड वरवर विरहाची. पोटासाठी मुंबईस आलेला गडी गावी राहिलेल्या बायकोसाठी झुरतो. पण त्याच झुरण्यातून बेळगाव, कारवार तुटल्याचे दुःखही बोलते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. त्यात शाहिरांचा वाटा कोण नाकारील?

कोणी म्हणेल, हे प्रांतप्रेम झाले. पण ज्याला जवळच्या माणसाचे दुःख दिसत नाही, त्याला देश नकाशाखेरीज कुठे दिसणार?

आपल्या संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले आहे. केरळातील तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहत, पण धर्मश्रद्धेमुळे गात नसत. म्हणून त्यांना शाळेतून काढले होते. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घेण्यास सांगितले. मौनाने जर राष्ट्राचा अपमान होत नाही, तर देशाची व्यथा गायल्याने देशभक्ती उणी कशी होते?

वाटेल ते गावे, असे माझे म्हणणे नाही. सूर, ताल, शब्दांतला खरेपणा जरूर तपासावा. पण आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. देश म्हणजे काय, हे मला पुस्तकांआधी आजीच्या जात्यावरच्या ओव्यांनी आणि गावातल्या पोवाड्यांनी सांगितले. त्या गाण्यांना या रंगमंचावर जागा नसेल, तर ती गाणारी माणसेही बाहेरच राहतील.

म्हणून माझी सांस्कृतिक मंडळाला एकच विनंती आहे. पुढील वर्षीच्या नियमांत 'देशातील माणसांच्या सुखदुःखाची गाणी' एवढी एक ओळ घालावी. निकाल मग श्रोत्यांसमोर लागू द्या.

— द्वितीय वर्ष, कला