अपघातानंतर ई-बाइकची मोटर का तपासायची? प्रश्न 250 वॅटचा आणि भरपाईचाही

समजा, सोसायटीच्या गेटसमोर ई-बाइकची धडक बसून एक आजी पडल्या आणि त्यांचा खुबा मोडला. ऑपरेशनचा खर्च कोण देणार? चूक कोणाची, हे ठरेलच. पण त्याआधी एक प्रश्न उभा राहतो: धडक देणारी गाडी कायद्याच्या नजरेत सायकल होती की मोटार वाहन?

केंद्रीय मोटार वाहन नियमांमधला नियम 2(यू) ही रेघ आखतो. मोटरची 30 मिनिटं सलग देता येणारी शक्ती 250 वॅटपेक्षा कमी, वेग ताशी 25 किमीच्या आत आणि बॅटरी वगळून वजन 60 किलोपर्यंत असेल, तर ते मोटार वाहन धरलं जात नाही. पेडल असिस्ट सायकलला आणखी एक अट आहे. वेग वाढेल तसा मोटरचा जोर कमी होत जाऊन 25 किमीला तो पूर्ण थांबला पाहिजे, आणि पेडल मारणं थांबवलं तर त्याआधीच.

या अटी पाळणाऱ्या गाडीला लायसन्स, नंबरप्लेट, विमा काहीच लागत नाही. म्हणूनच शाळा-कॉलेजातल्या मुलांच्या हाती त्या सर्रास दिसतात. अट मोडली की सगळं उलटतं. ते मोटार वाहन ठरतं, थर्ड पार्टी विमा सक्तीचा होतो आणि जखमीला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जाता येतं. अडचण अशी की विमा काढलेलाच नसतो, त्यामुळे भरपाई मालकाच्या खिशातून वसूल करावी लागते. चालवणारा अल्पवयीन असेल, तर कलम 199एनुसार पालक किंवा मालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25 हजार रुपये दंड होऊ शकतो. आपण ‘सायकल’ घेऊन दिली आहे, अशी अनेक पालकांची प्रामाणिक समजूत असते!

मग मोटर तपासायची कशी?

मोटरवरचं ‘250 वॅट’चं लेबल हा पुरावा नव्हे. ती शक्ती प्रयोगशाळेत मोजावी लागते. पुण्यातली एआरएआय ही अशा चाचण्या करणाऱ्या संस्थांपैकी एक. चाक उचलून फिरवून पाहणंही फसवं ठरतं, कारण भार नसताना चाक रस्त्यापेक्षा जास्त वेगाने फिरू शकतं. नेदरलँड्समध्ये पोलीस मागचं चाक रोलरवर ठेवून वेग मोजतात. ही पद्धत जास्त भरवशाची.

खरी मेख कंट्रोलरमध्ये असते. तो चाकाचे फेरे मोजून वेग काढतो. 26 इंची चाकाच्या गाडीत सेटिंग 20 इंच केलं, तर कंट्रोलरला 25 किमी वाटतात तेव्हा गाडी प्रत्यक्षात साडेबत्तीसने धावत असते. स्क्रीनवर मात्र 25च! काही गाड्यांमध्ये वेगमर्यादेची वायर काढली की काम होतं, काहींत ॲपवरून. 2022मध्ये महाराष्ट्राच्या परिवहन विभागाने अशा बदलांविरुद्ध कारवाईचे आदेश दिले होते. पण रस्त्यावर गाडी अडवून हे सगळं तपासणं सोपं नाही.

त्यामुळे अपघातानंतरचे पहिले काही तास महत्त्वाचे. गाडी परत घरी गेली, की सेटिंग मूळपदावर आणायला पाच मिनिटं पुरतात. मोटार वाहनाचा अपघात झाल्यास ते तपासण्याचा आणि त्यासाठी ताब्यात घेण्याचा अधिकार कायद्याचं कलम 136 देतं. पण ‘ही सायकलच आहे’ असं आधीच गृहीत धरलं, तर ते कलम कोणाला आठवणारही नाही. जखमीच्या नातेवाइकांनी गाडी न हलवता तिचे, चाकाचे, मोटरवरच्या लेबलचे आणि थ्रॉटलचे फोटो घ्यावेत. पंचनाम्यात कंट्रोलरची नोंद करायला सांगावं. मोटार वाहन निरीक्षकाकडून तपासणीची लेखी मागणी करून पोहोच घ्यावी. बॅटरीला मार बसला असेल, तर मात्र गाडी सुरू करून बघायच्या फंदात कोणीही पडू नये. चेपलेली लिथियम बॅटरी काही तासांनंतरही पेट घेऊ शकते.