पोळ्याचा बैल आणि पिंजऱ्यातला उंदीर

वाशिम जिल्ह्यातले धनज असो की विदर्भातले दुसरे कुठलेही गाव, पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदमळणी होते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यांना हळद-तूप लागते. चार दिवसांनी गणपती येतात आणि त्यांच्या पायाशी बसलेल्या उंदरालाही हात जोडले जातात. एरवी हाच उंदीर धान्य कुरतडणारा शेतकऱ्याचा वैरी. पण बैल आणि उंदीर यांचे आणखी एक नाते आहे. ते गोठ्यात दिसत नाही, मखरातही नाही. ते प्रयोगशाळेत आहे.

लाळ्या-खुरकूत शेतकऱ्याला नवा नाही. तोंडात फोड, खुरांत जखमा. ऐन हंगामात बैल बसतो, गाय आटते. हा रोग विषाणूमुळे होतो, हे लोफलर आणि फ्रॉश या जर्मन शास्त्रज्ञांनी १८९८ मध्ये दाखवून दिले. पण त्याचा अभ्यास करायचा तर गुरे किंवा गिनीपिग लागत. १९५१ मध्ये इंग्लंडमधील पिरब्राइटच्या संस्थेत स्किनर यांनी पांढऱ्या उंदरांची अंगावर पिणारी पिल्ले वापरून पाहिली. विषाणू टोचताच त्यांच्या मागच्या पायांना पक्षाघात होई आणि ती मरत. ज्या परीक्षेला गोठा लागे, ती एका पेटीत होऊ लागली.

मात्र उंदीर म्हणजे छोटा बैल नव्हे. पिल्लू मोठे झाले की हाच विषाणू त्याला सहसा बाधत नाही. मेंढ्यांच्या ‘निळी जीभ’ या रोगाचा विषाणू तर धडधाकट प्रौढ उंदराला आजारीच पाडत नाही. म्हणून इंटरफेरॉन ही शरीराची पहिली संरक्षक फळी निकामी केलेले उंदीर मुद्दाम तयार करतात. घराचे दार काढून ठेवायचे आणि चोर कसा शिरतो ते पाहायचे, असा हा प्रकार. उपयोगी खराच, पण अशा उंदराला वाचवणारी लस मेंढीलाही वाचवते, हे मेंढीतच सिद्ध व्हावे लागते. ‘उंदरांवरील प्रयोग यशस्वी’ या बातमीने म्हणूनच हुरळून जाऊ नये.

आणि जिथे उंदीर टाळता येतो, तिथे तो टाळलाच पाहिजे. पर्याय शोधा, संख्या घटवा, यातना कमी करा, हे सूत्र रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्येच मांडले. लाळ्या-खुरकुताच्या लशीसाठी लागणारा विषाणू आज प्रयोगशाळेत जोपासलेल्या पेशींवर वाढवला जातो.

२०२२ मध्ये लम्पीच्या साथीने महाराष्ट्रातले गुरांचे बाजार बंद पडले, तेव्हा लशीसाठी सगळेच धावले. साथ नसते तेव्हा मात्र दर सहा महिन्यांनी द्यायची लाळ्या-खुरकुताची लस ‘दूध कमी होईल’ म्हणून टाळणारे कमी नाहीत. एवढ्या जिवांच्या मोलाने मिळालेले ज्ञान मग गोठ्याच्या दारातूनच परत जाते.

येत्या पोळ्याला खांदे मळताना घरात एवढेच विचारावे: याला लस टोचली आहे ना? पिंजऱ्यातल्या त्या मुक्या जिवाचे ऋण फेडण्याची याहून साधी रीत नाही.